गावात माणसं किती, हे कोणत्या महिन्यात विचारता?

तुमचा प्रश्न असा आहे. गाव बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, ग्रामपंचायत छोटी. विकास आराखडा करायला बसलात तर चार कागद लोकसंख्येचे चार आकडे सांगतात. २०११ च्या जनगणनेत ७४३, मतदार यादीत ८१२, अंगणवाडीच्या सर्वेक्षणात ९३४ आणि रेशन कार्डांवरच्या युनिटांची, म्हणजे माणसांची, बेरीज १०१२. २००१ च्या जनगणनेत ८१५ होते, म्हणून एक सदस्य म्हणतात की गाव ओस पडत चाललंय. ० ते ६ वयोगटात ५५ मुलगे आणि ४१ मुली दिसतात, म्हणून दुसरे म्हणतात की हा आकडा आराखड्यात घालूच नका, गावाची बदनामी होईल. यातला खरा आकडा कोणता, असं तुम्ही विचारता.

मी जनगणनेच्या कामात प्रगणकांना, म्हणजे घरोघर जाऊन माणसं मोजणाऱ्यांना, शिकवलं आहे आणि पुढे गावांचे आराखडे तयार करण्यातच बराच काळ गेला. त्या अनुभवावरून सांगतो, चारातला एक निवडून बाकीचे बाजूला टाकायची घाई करू नका. प्रत्येक कागद वेगळी माणसं मोजतो. आधी जनगणनेचा घेऊ, कारण बराचसा सरकारी हिशेब अजून त्यावरच चालतो आणि गैरसमजही त्याच्याबद्दलच जास्त आहेत.

२०११ ची लोकसंख्या-गणना ९ ते २८ फेब्रुवारी या वीस दिवसांत झाली. २८ च्या रात्री बेघर माणसं मोजली. १ ते ५ मार्चला पुन्हा फेरी मारून मधल्या काळातले जन्म-मृत्यू जुळवले, आणि आकडा धरला तो १ मार्चच्या शून्य वाजताचा. प्रगणकाला दिलेला नियम साधा होता. माणूस एरवी ज्या घरी राहतो तिथे तो त्या वीस दिवसांत एखादा दिवस जरी असला, तरी त्याला तिथेच मोजायचं. पण पूर्ण वीस दिवस तो बाहेर असेल तर या घरात धरायचा नाही, जिथे सापडेल तिथे मोजला जाईल. घर इथे, शेत इथे, कुलदैवत इथे, मत इथे, याच्याशी त्या नियमाला देणंघेणं नसतं.

आता तुमच्या गावाचं वर्ष त्याच्या शेजारी ठेवा. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, वडवणी, धारूर, केज या भागातले कोयते कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर आणि सीमेपलीकडे कर्नाटकात जातात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलला गाळप थांबेपर्यंत, परत येणं नाही, कारण टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटायची असते. फेब्रुवारी हा तर हंगामाचा भर. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, आणि त्यांच्यासोबत शाळेत बसायच्या वयाचं नसलेलं पोर. म्हणजे गणनेच्या वीस दिवसांत तुमच्या गावातून नेमकी कोण माणसं नाहीशी होतात? कमावत्या वयातले धडधाकट स्त्री-पुरुष आणि त्यांची लहान मुलं. मागे उरतात म्हातारी माणसं, त्यांच्यापाशी किंवा हंगामी वसतिगृहात ठेवलेली शाळेची पोरं, आणि विहिरीला पाणी असल्यामुळे ज्यांना जावं लागत नाही अशी घरं.

साठ कोयते गेले की १२० मोठी माणसं गेली, वर मुलं वेगळी. ७४३ आणि ९३४ यांत १९१ चा फरक आहे. अंगणवाडीचं सर्वेक्षण अलीकडचं आणि जनगणना २०११ ची, त्यामुळे सगळा फरक कोयत्यांच्या खात्यावर टाकता येणार नाही. पण गावातल्या जुन्या मुकादमाला विचारा की २०१०-११ च्या हंगामात तुमच्या गावचे किती कोयते होते. त्यांच्या वहीत ते असतं. उचलीचा हिशेब असल्यामुळे त्या वहीतली नावं सहसा चुकत नाहीत, आणि सरकारी कागदांपेक्षा तीच वही या बाबतीत जास्त विश्वासार्ह असते, हे मी गंभीरपणे म्हणतोय.

या माणसांची गणती कारखान्याकडच्या गावात व्हायला हवी होती, आणि पुष्कळांची झालीही असणार. ऊसपट्ट्यातल्या एखाद्या छोट्या गावाची जनगणनेतली संख्या तिथल्याच लोकांना फुगलेली वाटते, त्याचं एक कारण हे आहे. पण उसाच्या फडाच्या कडेला कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, टाकून राहिलेली, आज या शिवारात तर पुढच्या आठवड्यात तिसऱ्याच शिवारात असणारी टोळी गणनेतून सुटणं फार सोपं असतं. अंधारात फडात जायचं, रात्री-अपरात्री गाडी भरायची. प्रगणक दुपारी आला तर कोपीवर एखादं लहान पोर आणि राखणीला म्हातारी. २०११ च्या गणनेनंतर नमुना पद्धतीने जी पडताळणी झाली, तिच्यात देशपातळीवर दर हजारी सुमारे २३ माणसं निव्वळ सुटल्याचं आढळलं. त्या सरासरीत पक्क्या घरात वर्षभर राहणारी माणसंही आली. फिरत्या टोळ्यांत सुटलेल्यांचं प्रमाण याहून जास्तच असणार.

कोकणाशी तुलना केली तर हे आणखी स्पष्ट होईल. रत्नागिरीत २०११ साली दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १०३६, आणि राज्याचं प्रमाण ९२९. हा आकडा पाहून कोकणात मुलींना जास्त मान आहे असं लिहिणारे लेख मी वाचलेत. खरं कारण एवढंच, की पुरुष मुंबई-ठाण्यात आहेत. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मधल्या सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून २०११ मध्ये सुमारे १६ लाख १५ हजारांवर उतरली. सिंधुदुर्गही थोडा घटला. तिथला चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला गावात असतो, बाकी वर्षभर नसतो, आणि बहुतेकदा कायमचा गेलेला असतो. त्यामुळे फेब्रुवारीचा आकडा तिथल्या गावाचं वर्षभराचं चित्र बऱ्यापैकी दाखवतो. तुमच्याकडे नवरा-बायको दोघंही जातात, म्हणून स्त्री-पुरुष प्रमाणावर या स्थलांतराची खूण दिसत नाही, आणि सहा महिन्यांनी तीच माणसं परत येतात. रोग एकच, स्थलांतर, पण आकड्यांत त्याची लक्षणं वेगळी उमटतात. म्हणून केवळ तक्त्यावरून गाव ओळखू नये.

मग ८१५ वरून ७४३ कसे झाले? २००१ ची गणनाही फेब्रुवारीतच झाली होती, त्यामुळे ऋतू एकच आहे. दहा वर्षांत जास्त घरं तोडीला जाऊ लागली असतील, काही घरं पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला कायमची गेली असतील, किंवा दोन्ही. पण त्याआधी एक रुक्ष काम करा. दोन्ही वर्षांच्या जिल्हा जनगणना पुस्तिकेत गावाचं क्षेत्रफळ किती हेक्टर दिलंय ते जुळवून पाहा. जनगणना ‘गाव’ म्हणते ते महसुली गाव, ज्याला स्वतःची शिव आणि गट क्रमांक आहेत ते. वाडी, वस्ती, तांडा यांचा वेगळा आकडा प्रसिद्ध होत नाही. मधल्या काळात एखाद्या तांड्याला किंवा वस्तीला महसुली गावाचा दर्जा मिळाला, तर तिथली माणसं मूळ गावाच्या आकड्यातून वजा होतात आणि कुणीही घर न सोडता गाव ‘घटतं’. उलट बाजूही आहे. गट ग्रामपंचायत असेल तर पंचायतीत दोन-तीन महसुली गावं असतात आणि लोक एकाच गावाचा आकडा घेऊन बसतात. आणि नावावर कधी जाऊ नका. बुद्रुक-खुर्दचा घोळ तर आहेच, पण पिंपळगाव आणि वडगाव एकेका तालुक्यात दोन-दोन, तीन-तीन निघतात. गावाचा जनगणना क्रमांक जुळला तरच पुढे जायचं.

आता बाकीचे कागद, जरा झरझर. मतदार यादीत अठरा वर्षांवरचीच माणसं असतात, तरी तुमच्या यादीतले ८१२ हे जनगणनेच्या पूर्ण गावापेक्षा जास्त भरतात. लग्न होऊन गेलेल्या लेकी, पुण्यात स्थायिक झालेली पोरं आणि काही मयत यांची नावं निघालेली नसतात. गावच्या निवडणुकीत प्रत्येक मताला किंमत असल्यामुळे ती काढायची घाईही कुणाला नसते. रेशनचं तर वेगळंच. अन्न सुरक्षा कायद्यात राज्याचा इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांची कमाल संख्या, २०११ च्या लोकसंख्येवर ठरला, सुमारे ७ कोटी, आणि तो गोठलेला आहे. त्यामुळे कार्डावर गेलेली माणसं टिकून राहतात आणि नव्या सुना, नवी बाळं वर्षानुवर्षं चढत नाहीत. ई-केवायसीनंतर थोडी छाटणी झाली आहे. तरीही युनिटांची बेरीज ही गावाची लोकसंख्या म्हणून कधीच वापरू नका. शिवाय कार्ड विभक्त करून घेतलेलं कुटुंब आणि जनगणनेचं कुटुंब यांचा मेळ बसत नाही. जनगणनेत एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब.

अंगणवाडीचं सर्वेक्षण मात्र चांगलं असतं, विशेषतः सहा वर्षांखालच्या मुलांच्या आणि गरोदर बायांच्या बाबतीत. सेविका गावातलीच असते, कोण कुठल्या टोळीत गेलंय हे तिला तोंडपाठ असतं. मात्र ती बहुधा ‘गावची’ माणसं मोजते, आज गावात हजर असलेली नव्हेत. तुम्हाला हवा असलेला आकडा बराचसा तिथेच आहे.

जन्म-मृत्यू नोंदवहीचा इथे इशारा द्यायला हवा, कारण आराखड्यात ‘जन्मदर’ लिहायचा म्हणून हमखास ती उघडली जाते. कायद्याने जन्म जिथे झाला तिथे नोंदतात. तुमच्या गावच्या बायका तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या दवाखान्यात बाळंत होतात, पहिलटकरीण माहेरी जाते, आणि हंगामात तर कारखान्याकडच्याच दवाखान्यात. त्यामुळे गावच्या वहीत वर्षाला दोन-चार नोंदी दिसतात आणि कुणीतरी त्यावरून जन्मदर काढून मोकळं होतं. जन्मांसाठी आशाताईंची आणि उपकेंद्राच्या नर्सताईंची नोंदवही बघा. ती आईच्या राहत्या गावाप्रमाणे असते.

मुलींच्या आकड्याकडे येऊ, कारण तुमच्या बैठकीत भांडण बहुधा त्यावरच झालं असणार. ५५ मुलगे, ४१ मुली, म्हणजे हजार मुलग्यांमागे ७४५. वाचायला भयंकर. पण मुलं एकूण ९६ आहेत, हे आधी बघा. निसर्गतःच मुली थोड्या कमी जन्मतात. ९६ मुलांत साधारण ४६-४७ मुली असाव्यात असं धरलं, तर केवळ योगायोगाने हा आकडा ३७ पासून ५६ पर्यंत कुठेही पडू शकतो. मी संख्याशास्त्रातलं नेहमीचं ९५ टक्क्यांचं माप लावून सांगतोय. ३७ मुली असत्या तर प्रमाण ६२७ झालं असतं, ५६ असत्या तर १४००. दोन्ही टोकं कुणी काहीही वावगं न करता शक्य आहेत. तेव्हा ४१ वरून तुमच्या गावात गर्भलिंग तपासणी होते असं म्हणता येत नाही, आणि पलीकडच्या गावात १०५० आहे म्हणून ते गाव पुण्यवान असंही म्हणता येत नाही. त्यात भर म्हणजे कोयत्यांसोबत गेलेली लहान मुलं या ९६ मध्ये नाहीतच.

पण दुसरे सदस्य म्हणतात तसा आकडा लपवणं हा काही यावरचा उपाय नाही. कारण बीड जिल्ह्याचं हेच प्रमाण २००१ मध्ये ८९४ होतं आणि २०११ मध्ये ८०७ झालं, राज्यात सगळ्यात कमी. जिल्ह्यातली मुलं लाखांच्या घरात आहेत. तिथे योगायोगाचं स्पष्टीकरण चालत नाही, तिथे मुली जन्माआधीच मारल्या गेल्या हाच मुख्य अर्थ निघतो. म्हणून आराखड्यात असं लिहा: ० ते ६ वयाची एकूण मुलं ९६, त्यांत मुली ४१, संख्या लहान असल्याने गावापुरता निष्कर्ष काढता येत नाही, मात्र जिल्ह्याचं प्रमाण ८०७ असल्यामुळे पुढच्या प्रत्येक वर्षी जन्मलेल्या मुला-मुलींची नोंद ग्रामसभेपुढे ठेवू. पाच-सात वर्षांचे जन्म एकत्र केले, किंवा शेजारच्या दहा-बारा गावांचे जोडले, की मग काहीतरी बोलायला आधार मिळतो.

हीच गोष्ट बालमृत्यूची. राज्याचा ग्रामीण जन्मदर हजारी १५ च्या आसपास धरला, तर ८०० वस्तीच्या गावात वर्षाला बारा जन्म. एखाद्या वर्षी सात, एखाद्या वर्षी सतरा झाले तरी नवल नाही. बारातलं एक बाळ दगावलं की कागदावर बालमृत्यूदर हजारी ८३ होतो, आणि पुढच्या वर्षी कुणी दगावलं नाही की शून्य. राज्याचा दर २०२० साली १६ होता. ८३ वरून शून्यावर आणल्याबद्दल सत्कार झालेला मी पाहिला आहे. छोट्या गावात टक्केवारी आणि हजारीचे दर शक्यतो वापरूच नका. ‘बारापैकी एक’ असं लिहा, आणि ते एक बाळ का गेलं ते लिहा.

साक्षरतेत एक ठरावीक गफलत होते. तुमच्या तक्त्यात साक्षर ४३२ आहेत. ४३२ ला ७४३ ने भागून तुम्ही ५८ टक्के काढलेत. साक्षरतेचा दर सात वर्षं आणि त्यावरील लोकसंख्येवर काढतात, म्हणजे ७४३ मधून ९६ वजा करून ६४७ ने भागायचं. ६६.८ टक्के येतात. राज्याच्या ग्रामीण भागाची सरासरी ७७ होती. तिच्याशी तुलना करायची तर निदान भागाकार तरी तोच हवा. आणि फेब्रुवारीत गावात म्हातारी माणसं जास्त, तरुण कमी, त्यामुळे हा दर प्रत्यक्षापेक्षा थोडा खालीच दिसणार. २०११ चा आकडा आज वापरताना हेही ध्यानात असू द्या, की त्या ९६ जणांतल्या बऱ्याच मुलग्यांना आता मिसरूड फुटलं आहे, काही मुलींची लग्नंही झाली असतील.

कामगारांचे रकाने मी जपूनच वापरतो. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम ते मुख्य कामगार, त्याहून कमी ते सीमांतिक. नियम असा होता की स्वतःच्या शेतावरचं बिनपगारी कामही काम, अगदी घरच्या खाण्यापुरती शेती केली किंवा घरापुरतं दूध काढलं तरी काम. प्रत्यक्षात दारात पुरुष उभा असतो, बायको काय करते विचारलं की ‘घरीच असते’ म्हणतो, आणि निंदणी-खुरपणीपासून धारा काढण्यापर्यंत सगळं करणारी बाई बिगर-कामगारांत जाते. शेजारच्या दोन गावांत स्त्री कामगारांचा आकडा दुप्पट-तिप्पट फरकाने दिसला, तर तो बहुधा गावांतला फरक नसून प्रगणकाने किती नेटाने विचारलं याचा असतो.

अनुसूचित जातींच्या आकड्याबद्दल तुम्ही लिहिलंय की जनगणनेत ११८ आहेत पण बौद्ध वस्तीतच आज दीडशेवर माणसं आहेत. तोडीला गेलेली माणसं हे एक कारण झालंच. दुसरं कारण नोंदीच्या पद्धतीतलं आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींत धरलं गेलं. त्यामुळेच महाराष्ट्रातलं हे प्रमाण १९८१ च्या ७.१ टक्क्यांवरून १९९१ मध्ये एकदम ११.१ झालं. लोक वाढले नव्हते, नोंद बदलली होती. पण जनगणनेच्या तक्त्यात धर्म बौद्ध लिहून झाल्यावर जातीच्या प्रश्नाला राज्याच्या यादीतलं जातीचं नाव द्यावं लागतं. जातीचं नाव सांगायचंच नाही या स्वाभिमानी भूमिकेतून कुणी तिथेही ‘बौद्ध’च सांगितलं, की ती नोंद अनुसूचित जातीच्या बेरजेत येत नाही. भूमिका ज्याची त्याची, मी त्यावर काही म्हणणार नाही. परिणाम मात्र माहीत असावा, कारण सात सदस्यांच्या पंचायतीत राखीव जागा एक की दोन हे या आकड्यावर ठरू शकतं.

वंजारी, बंजारा, धनगर, मराठा किती, हे जनगणनेत शोधू नका. १९३१ नंतर अनुसूचित जाती-जमाती सोडून बाकी जाती मोजून प्रसिद्ध झालेल्या नाहीत, आणि १९३१ साली बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. बंजारा समाज आपल्याकडे विमुक्त जातींत येतो, तेलंगणात अनुसूचित जमातींत, त्यामुळे तिकडच्या गावांचे तक्ते पाहून इकडे तुलना करू नका. धर्मनिहाय आकडे तालुक्यापर्यंतच मिळतात. वयोगटही, ० ते ६ सोडला तर, गावपातळीवर नसतात. गावात साठीच्या वरचे किती, हा आराखड्यासाठी सगळ्यात उपयोगी प्रश्न, आणि त्याचं उत्तर कुठल्याही संकेतस्थळावर नाही. जनगणनेतली नावांची यादीही मागू नका. १९४८ च्या जनगणना कायद्याने ती गोपनीय आहे, न्यायालयातसुद्धा पुरावा म्हणून चालत नाही.

म्हणून स्वतः मोजा. सात-आठशे वस्तीचं गाव म्हणजे दीड-दोनशे चुली. अंगणवाडी सेविका, आशाताई आणि दोन शिकलेली पोरं असली की आठवड्याच्या आत होतं. सुरुवात ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या नोंदवहीपासून करा, तिथे घरांची यादी मिळते. शेतावरच्या वस्त्या त्यात सुटतात, त्या वेगळ्या घ्या. प्रत्येक माणसासमोर चारच खुणा: वर्षभर गावात, हंगामाला बाहेर (कुठे, कधी येणार), शिक्षण-नोकरीला बाहेर पण खर्च गावातून, आणि नुसतं नाव आहे पण माणूस कायमचा गेला. शेवटची खूण लावताना घरच्यांना वाईट वाटतं, रेशन कापलं जाईल अशी भीतीही असते. ही यादी तहसीलला जाणार नाही हे आधीच सांगा आणि पाळा.

म्हाताऱ्या माणसांचं वय विचाराल तर साठ, सत्तर, ऐंशी असे गोल आकडेच मिळतील. आधार कार्डावरची १ जानेवारी ही जन्मतारीखही बहुतेक अंदाजाचीच असते. मराठवाड्यात यावर चांगला उतारा आहे. पोलिस ॲक्शनच्या वेळी, म्हणजे सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य भारतात आलं तेव्हा, जन्म झाला होता का? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जात होता का, की आईच्या कडेवर होता? किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा, ३० सप्टेंबर १९९३ ला, थोरलं पोर केवढं होतं? तीन प्रश्नांत वय दोन-तीन वर्षांच्या फरकाने सापडतं.

आणि हे दोनदा करा. एकदा पोळा ते दसरा यांच्या मध्ये, टोळ्या निघायच्या आधी. दुसऱ्यांदा जानेवारीत, तेव्हा नवं काही विचारायचं नाही, त्याच यादीवर फक्त हजर-गैरहजर मारायचं. या दोन बेरजांतला फरक हा तुमच्या आराखड्यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा आहे. हंगामी वसतिगृहात किती मुलांची सोय लागेल, जानेवारीत किती म्हातारी माणसं एकटी असतील, कारखान्याकडे किती गरोदर बाया आणि किती लसीकरणाची बाळं आहेत, हे सगळं त्यातून निघतं. जनगणना, मतदार यादी, रेशन यांतलं एकही हे सांगत नाही.

कुठला आकडा कुठे वापरायचा, तेही सांगून टाकतो. सदस्यसंख्या, आरक्षण, वित्त आयोगाचा निधी यांसाठी जनगणनेचे ७४३च चालणार, तिथे तुमची मोजणी कितीही अचूक असली तरी उपयोग नाही. सदस्यसंख्येत तुमचं नुकसानही होत नाही, पंधराशेपर्यंत सातच सदस्य असतात. पाणीपुरवठ्याची क्षमता मात्र पोळ्याच्या मोजणीवर धरा, आणि त्यात मे महिना धरायला विसरू नका, कारण तेव्हा सगळे परतलेले असतात आणि विहिरी तळ गाठतात. ७४३ माणसांसाठी आखलेली टाकी मे महिन्यात का पुरत नाही, याचं कारण गावोगाव शोधलं जातं. अंगणवाडी आणि शाळेसाठी दोन्ही मोजण्या शेजारी-शेजारी दाखवा, नाहीतर हंगामातला पट पाहून वर्ग तोडायची भाषा सुरू होते.

पुढची जनगणना २०२७ ची, संदर्भ क्षण पुन्हा १ मार्चचा, गणना पुन्हा फेब्रुवारीत. म्हणजे तुमची माणसं पुन्हा फडावर असणार. या वेळी सगळ्या जातींची नोंदही व्हायची आहे, त्यामुळे कोण कुठे मोजलं गेलं याला जास्तच वजन येणार. गावात नाव ‘राखून’ ठेवायचा मोह होईल, तो टाळा. नियमाने ती नोंद चुकीची आहे, आणि तिकडेही मोजले गेले तर माणूस दोनदा धरला जातो. त्यापेक्षा टोळ्या निघताना मुकादमांना बसवून सांगा की कोपीवर प्रगणक आला नाही तर त्या गावच्या ग्रामपंचायतीत जाऊन विचारायचं, स्वतःहून नोंद करायची डिजिटल सोय असेल तर तीही वापरायची, आणि कुटुंबातल्या तान्ह्या पोरीचं नावसुद्धा सांगायचं. लहान मुली गणनेतून सर्वांत आधी सुटतात. प्रत्येक मुकादमाकडून टोळीचं गाव आणि कारखाना लिहून घ्या, म्हणजे फेब्रुवारीत फोन करून कोण मोजलं गेलं, कोण राहिलं हे तुम्हाला विचारता येईल.